अमेरिकेतील लेबर डे: सुट्टी घरातल्या सगळ्यांना मिळावी यासाठी

सप्टेंबरचा पहिला सोमवार हा अमेरिकेत, आणि कॅनडातही, कामगारांच्या सुट्टीचा दिवस असतो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे मेमोरियल डेला, उन्हाळा सुरू होतो आणि लेबर डेला तो संपतो, असा अमेरिकेतील लोकव्यवहार आहे. ऋतुमानाप्रमाणे शरद ऋतू त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी लागत असला, तरी बहुतेक गावांतील पोहण्याचे सार्वजनिक तलाव या सोमवारनंतर बंद होतात, समुद्रकिनाऱ्यांवरचे जीवरक्षक कमी होतात आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांत शाळा याच सुमारास उघडतात. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला ही सुट्टी बहुधा दोनच रूपांत दिसते: दुकानांतील सवलतींच्या जाहिराती आणि शेजारच्या अंगणातून येणारा शेगडीचा धूर. पहिल्या एक-दोन वर्षांत कुणीतरी आपल्याला बोलावते, आपण एखादा डबा घेऊन जातो आणि पुढे कधीतरी बोलावण्याची पाळी आपल्यावर येते. त्या पाळीसाठी हे लेखन आहे.

या दिवसाची आखणी करताना एक कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही सुट्टी श्रमणाऱ्या माणसाला विसावा मिळावा म्हणून मिळवलेली आहे. त्यामुळे ती साजरी करण्याचे सगळे श्रम घरातील एकाच माणसावर पडत असतील, तर ती साजरी झाली असे म्हणता येणार नाही. आपल्या घरांतून मात्र असेच घडताना दिसते. पाहुणे पंधरा-वीस असतात, पुरुष मंडळी शेगडीभोवती उभी असतात, मुले खेळत असतात आणि घरची बाई आदल्या रात्रीपासून चिरणे, वाटणे, मुरवणे, भांडी काढणे आणि शेवटी तीच भांडी घासणे यांत अडकलेली असते. पुढील सर्व सूचना ही एक गोष्ट बदलावी या हेतूने केलेल्या आहेत.

सुट्टी आली कशी

मुलांनी किंवा पाहुण्यांनी विचारले तर सांगता यावे, इतका इतिहास यजमानाला ठाऊक असावा. ५ सप्टेंबर १८८२ रोजी, मंगळवारी, न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल लेबर युनियन या कामगार संघटनेने पहिली मिरवणूक काढली. त्या दिवशी सरकारी सुट्टी नव्हती. सुमारे दहा हजार कामगारांनी दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून सिटी हॉलपासून युनियन स्क्वेअरपर्यंत संचलन केले आणि नंतर वेंडल्स एल्म पार्क या बागेत बायकामुलांसह खाणेपिणे, भाषणे आणि गाणी झाली. म्हणजे आज आपण बागेत जाऊन करतो ती सहल पहिल्याच वर्षापासून या दिवसाचा भाग आहे. १८८७ मध्ये ऑरेगन राज्याने प्रथम ही सुट्टी कायद्याने दिली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स व कोलोरॅडो ही राज्ये तिच्या मागोमाग गेली. संपूर्ण देशासाठीच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी २८ जून १८९४ रोजी सही केली. शिकागोजवळ रेल्वेचे शयनडबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कामगारांच्या घरांचे भाडे कमी केले नाही, म्हणून पेटलेला संप त्या वेळी ऐन भरात होता. सहीनंतर आठवडाभरातच याच राष्ट्राध्यक्षांनी तो संप मोडण्यासाठी शिकागोत लष्कर पाठवले. या दोन गोष्टी एकत्रच सांगाव्यात, नाहीतर सुट्टी म्हणजे सरकारने उदारपणे दिलेली भेट होती, असा मुलांचा समज होतो.

आपल्याकडचा कामगार दिन १ मे रोजी का आणि अमेरिकेचा सप्टेंबरमध्ये का, हा प्रश्न हमखास येतो. १ मेचे मूळही अमेरिकेतच आहे: १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत झालेले आंदोलन आणि हेमार्केट चौकातील रक्तपात यांच्या स्मरणार्थ, १८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या समाजवादी परिषदेने तो दिवस जगासाठी निवडला. अमेरिकी सरकारने त्या आठवणीपासून दूर असलेला सप्टेंबरचा सोमवार पत्करला. मराठी घरात याच ओघात नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघायला हवे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. न्यूयॉर्कची मिरवणूक आणि लोखंड्यांनी परळला घेतलेल्या सभा यांत फार वर्षांचे अंतर नाही, हे कळले की मुलांना हा दिवस परका वाटत नाही.

आधी पंचांग पाहावे

मराठी घरासाठी लेबर डेची तयारी कॅलेंडरपेक्षा पंचांगापासून सुरू होते, कारण हा सोमवार श्रावणाच्या उत्तरार्धात किंवा भाद्रपदात येतो. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी गणेश चतुर्थी नेमकी लेबर डेच्याच दिवशी होती आणि कामावर रजा न मागता प्राणप्रतिष्ठा करता आल्याचा आनंद कितीतरी घरांनी घेतला. २०२५ मध्ये १ सप्टेंबरला गौरीपूजन होते. २०२६ मध्ये लेबर डे ७ सप्टेंबरला आहे. तो श्रावणी सोमवार आहे आणि त्या दिवशी एकादशीही आहे, म्हणून चिकनचा बेत ठरवून निमंत्रणे धाडण्याआधी पाहुण्यांपैकी कोण श्रावण पाळतो आणि कुणाचा उपवास आहे हे विचारून घ्यावे. त्या वर्षी चतुर्थी पुढच्या सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे शनिवार-रविवारचा काही वेळ मखर आणि आरास यांसाठी काढून ठेवता येईल. २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी, येते. ज्यांचा गणपती दीड दिवसाचा, त्यांचे विसर्जन रविवारी होईल आणि सोमवार मोकळा राहील. विसर्जनासाठी सार्वजनिक तळ्यांवर किंवा नद्यांवर परवानगीशिवाय जाऊ नये. शाडूची लहान मूर्ती आणून घरीच मोठ्या बादलीत विसर्जन करणे हा इथे सर्वांत सोयीचा मार्ग आहे.

या योगायोगांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटणारा योग २०२४ चा आहे. त्या वर्षी २ सप्टेंबरला लेबर डे आणि बैलपोळा एकाच दिवशी आले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते: बैलाचा वर्षभर जुवाखाली घट्टे पडलेला खांदा कोमट पाण्याने शेकून त्याला हळद-तूप चोळतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे त्याला रीतसर निमंत्रण देतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही, त्याला न्हाऊ घालायचे, सजवायचे आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याला द्यायचा. ज्याने वर्षभर ओढले त्याला त्या दिवशी कामाला लावायचे नाही आणि त्याचे आपण करायचे, हा नियम लेबर डेला घरातल्या माणसांसाठी लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

जागा, वेळ आणि प्रवास

घराला अंगण असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर काउंटीच्या बागांमध्ये छप्पर असलेल्या सहलीच्या जागा भाड्याने मिळतात. न्यू जर्सीतील मर्सर काउंटी पार्कसारख्या मोठ्या बागांत मेज, बाके, शेगड्या, स्वच्छतागृहे आणि मुलांसाठी मैदान हे सर्व एकत्र मिळते, परंतु लेबर डेच्या शनिवार ते सोमवार या तीन दिवसांची नोंदणी लोक वसंतातच करून ठेवतात. ऑगस्टमध्ये शोधू लागल्यास बहुधा काही हाती लागत नाही. नोंदणी करताना चार गोष्टी विचाराव्यात: स्वतःची शेगडी आणता येते का, मद्याला परवानगी आहे का, ध्वनिवर्धक चालतो का आणि पिण्याचे पाणी जागेवर आहे का. नोंदणी न लागणाऱ्या मेजांवर बसायचे ठरवले, तर कुणीतरी सकाळी आठलाच जाऊन जागा धरावी लागते. हे काम गटातील तरुण मंडळींकडे द्यावे.

वेळ अकरा ते चार अशी ठेवावी. सप्टेंबरच्या आरंभी न्यू जर्सीत सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत रेंगाळण्याचा मोह होतो. परंतु दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा आणि मोठ्यांचे काम असते, आणि समुद्राकडून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी दुपारनंतर वाढतच जाते. समुद्रावर जायचे असेल, तर सोमवारऐवजी शनिवारी जावे. न्यू जर्सीच्या बहुतेक किनाऱ्यांवर उन्हाळ्यात प्रवेशासाठी बॅज विकत घ्यावा लागतो. पाणी या दिवसांत उबदार असते, पण अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम साधारण १० सप्टेंबरच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि वादळ दूर समुद्रात असले तरी किनाऱ्यावर आत ओढणारे प्रवाह तयार होतात. जीवरक्षक असलेल्या ठिकाणीच पाण्यात उतरावे. प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग बाहेर यावे. ही गोष्ट मुलांना गाडीतच समजावून सांगावी.

सोमवारी बँका, टपाल कार्यालये, सरकारी कचेऱ्या आणि शेअर बाजार बंद असतात. किराण्याची बहुतेक दुकाने उघडी असतात. कॉस्टको मात्र बंद असते, म्हणून ज्यांची सगळी भिस्त तिथल्या मोठ्या पाकिटांवर असते त्यांनी रविवारपर्यंत खरेदी उरकावी. तसेही सोमवारची खरेदी टाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. खासगी मालकाने या दिवशी पगारी सुट्टी किंवा जादा पगार दिलाच पाहिजे, असा संघराज्याचा कायदा नाही. त्यामुळे कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर कामगारच उभा असतो. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी त्याच्यासमोरच्या रांगेत भर घालणे आपल्याला टाळता येते. आपल्या ओळखीतही परिचारिका, डॉक्टर, पेट्रोल पंपावर किंवा मोटेलमध्ये काम करणारी माणसे असतात. गटात असे कुणी असेल, तर सगळ्यांचा बेत रविवारी ठेवावा. तारीख त्या माणसाला विचारून ठरवावी आणि ती ठरवताना त्याच्यावर उपकार करत असल्याचा सूर लावू नये.

कामाची वाटणी

एका माणसाने आठवडाभर आधी एक साधी यादी तयार करून सर्व घरांना पाठवावी. या यादीत पदार्थांबरोबर कामेही लिहावीत, आणि हाच तिच्यातला महत्त्वाचा भाग आहे. 'मी पुलाव आणते, तू कोशिंबीर आण' एवढी वाटणी सगळेच करतात. परंतु बर्फ आणणे, मेज पुसणे, मुलांचे हात धुणे, मधल्या वेळेत पाणी भरणे, कचऱ्याच्या पिशव्या बदलणे, शेवटी जाळी घासणे ही कामे कुणाच्याच नावावर नसल्यामुळे ती सवयीने काही ठराविक बायकांकडे जातात. प्रत्येक कामापुढे नाव असावे आणि ते काम वर्षभर न करणाऱ्याचे असावे. घरी रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती त्या दिवशी शेगडीपाशी जाणार नाही, भांड्यांनाही हात लावणार नाही, असा नियमच करावा. पहिल्या वर्षी हे अवघड जाते, कारण करणारीलाच बसवत नाही. ती उठून चटणीचा डबा उघडू लागते, कुणाला लिंबू हवे का विचारू लागते. तिला पुन्हा बसवणे, हेही एका माणसाचे काम म्हणून यादीत लिहून ठेवायला हरकत नाही.

पदार्थ मोजके ठेवावेत. प्रत्येक घराने एकच पदार्थ आणावा आणि तो असा असावा, की ज्याची तयारी अर्ध्या तासापेक्षा अधिक नसेल. आपल्या पंगतीत पाच भाज्या आणि दोन गोड पदार्थ नसले तर कमीपणा वाटतो, पण भाजलेले कणीस, भरीत-भाकरी, एखादा मुरवलेला पदार्थ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि मठ्ठा एवढ्यावर जेवण उत्तम होते. भाकऱ्या इथल्या भारतीय दुकानांत तयार मिळतात आणि शेगडीवर नुसत्या गरम केल्या की काम भागते. त्या विकत आणण्यात कमीपणा मानू नये.

शेगडी आणि तिच्यावरचे पदार्थ

गॅसची शेगडी सोयीची असते. कोळशाच्या शेगडीला वेळ लागतो, पण भरताला आणि कणसाला जी धुराची चव येते ती तिच्यावरच. कोळसा पेटवण्यासाठी रॉकेलसारखा द्रव वापरण्यापेक्षा लोखंडी नळकांडे घ्यावे: खाली कागदाचे बोळे, वर कोळसा, आणि पंधरा-वीस मिनिटांत निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर येतो. हा थर येईपर्यंत काहीही भाजायला घेऊ नये. सर्व निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढावेत, म्हणजे एका बाजूला कडक आच आणि दुसऱ्या बाजूला मंद ऊब मिळते. पदार्थ करपू लागला की तो नुसता सरकवता येतो. शेगडी घराच्या भिंतीपासून, लाकडी कठड्यापासून आणि झाडाच्या फांद्यांपासून किमान दहा फूट दूर असावी, आणि जवळ पाण्याची बादली भरलेली असावी. सदनिकांच्या सज्जात कोळशाची शेगडी पेटवण्यास बहुतेक ठिकाणी बंदी असते.

आपल्या गटांत शाकाहारी मंडळी नेहमी असतात आणि त्यांची अडचण संकोचामुळे बोलली जात नाही. शक्य असल्यास दोन स्वतंत्र शेगड्या ठेवाव्यात. एकच असेल, तर आधी शाकाहारी पदार्थ पूर्ण भाजून घ्यावेत आणि मगच मांसाहारी पदार्थ लावावेत. चिमटे, ताटे आणि तेल लावायचे ब्रश दोन्हींसाठी वेगळे असावेत व त्यांच्या मुठींना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावावी. जाळी मुळात मांसाहारासाठी वापरलेली असेल, तर नवी जाळी आणावी. बागेतील सार्वजनिक शेगडीवर काय भाजले गेले असेल हे सांगता येत नाही, म्हणून तिथे फॉइलचा जाड थर अंथरावा.

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या भागात स्थानिक मका भरात असतो आणि रस्त्याकडेच्या शेतमालाच्या टपऱ्यांवर त्याच दिवशी खुडलेली कणसे मिळतात. हा मका आपल्या गावाकडच्या मक्यापेक्षा खूपच गोड आणि कोवळा असतो. त्यात साखर जास्त असल्यामुळे तो पटकन करपतो. पाने काढून थेट निखाऱ्यांवर धरल्यास आठ-दहा मिनिटांत दाणे ठिकठिकाणी काळसर होतात आणि तेवढे पुरते. अर्धे लिंबू तिखट-मिठाच्या मिश्रणात बुडवून कणसावर घासावे. लोण्याचा मोह इथे आवरावा.

भरतासाठी इथे मिळणारे मोठे जांभळे वांगे जाड सालीचे आणि पाणीदार असते. जळगावकडच्या हिरवट-पांढऱ्या भरताच्या वांग्याची सर त्याला येत नाही, पण नीट भाजले तर उणीव बरीच भरून निघते. वांग्याला तेलाचा हात लावावा, सुरीने चार-पाच ठिकाणी खोल टोचे मारून त्यांत लसणाच्या पाकळ्या खोचाव्यात आणि कडक आचेवर दर पाच मिनिटांनी बाजू बदलत राहावे. वीस-पंचवीस मिनिटांत साल कोळशासारखी होते, देठाजवळचा भाग चिमट्याने दाबल्यावर आत जातो आणि टोच्यांतून रस बुडबुडत बाहेर येऊ लागतो. देठाजवळ अजून कडक लागत असेल तर वांगे उतरवू नये. भाजलेले वांगे झाकून दहा मिनिटे ठेवावे, साल काढावी आणि गर चाळणीत थोडा वेळ निथळू द्यावा, नाहीतर भरीत पचपचीत होते. खानदेशी पद्धतीने करायचे असल्यास त्याच निखाऱ्यांवर हिरव्या मिरच्या भाजून लसूण-मिठाबरोबर ठेचाव्यात, कांद्याची पात व शेंगदाणे घालावेत आणि वरून तेलाची फोडणी द्यावी. टोमॅटो अजिबात घालू नये. हे माझे ठाम मत आहे. ज्यांच्या घरी घालतात त्यांनी आपले वेगळे भांडे करावे.

उपवास असणाऱ्यांसाठी रताळी ही मोठी सोय आहे. फॉइलमध्ये गुंडाळून मंद बाजूला पाऊण ते एक तास ठेवली की ती आतून मऊ होतात. त्यांवर थोडे तूप आणि जिरेपूड घालावी. साबुदाण्याची खिचडी गार झाल्यावर चिवट होते, म्हणून ती बागेत नेण्याच्या भानगडीत पडू नये.

चिकनसाठी छातीच्या तुकड्यांपेक्षा मांडीचे तुकडे घ्यावेत, कारण आच थोडी जास्त झाली तरी ते कोरडे पडत नाहीत. दही, आले-लसूण, हळद, तिखट आणि काळा मसाला यांत ते रात्रभर शीतकपाटात मुरवावेत. शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. खुपसण्याचा थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो; चिकनच्या सर्वांत जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, आणि मटणाच्या खिम्याच्या कबाबांत १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस, तापमान दिसलेच पाहिजे. कच्चे मांस ज्या ताटातून आणले त्याच ताटात भाजलेले ठेवू नये आणि ज्या मसाल्यात ते मुरवले तो मसाला वरून ओतू नये. शिजवलेले अन्न, दही, मठ्ठा आणि कापलेली फळे दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू नयेत. हवा ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर एक तासच. पिण्याच्या पाण्याचा कूलर आणि अन्नाचा कूलर वेगळे असावेत, कारण पाण्याचा कूलर सतत उघडला जातो आणि त्यातील बर्फ लवकर विरघळतो.

आजी-आजोबा आणि मुले

उन्हाळ्यात भारतातून आलेले आईवडील या सुमारास अनेक घरांत असतात. त्यांच्यासाठी पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, सावली आणि जवळचे स्वच्छतागृह या तीन गोष्टींची सोय झाली की ते दिवसभर आनंदाने बसतात. मधुमेहाची औषधे असतील, तर इन्सुलिन कूलरमध्ये ठेवावे, पण थेट बर्फाला लागू देऊ नये. आजीला भाकऱ्या थापायला बसवण्याचा मोह होतो आणि ती हौसेने बसतेही. तिने सांगावे आणि नातवंडांनी थापाव्यात, असे करावे.

जेवणानंतर वडीलधाऱ्यांपैकी एकेकाने आपल्या पहिल्या नोकरीबद्दल बोलावे, असा प्रघात पाडण्यासारखा आहे. कुणी गिरणीत साचे चालवलेले असतात, कुणी एसटीत वाहक असते, कुणी शिक्षिका, कुणी रेल्वेत गँगमन. पाळी किती तासांची होती, पहिला पगार किती मिळाला आणि तो कुणाच्या हातात दिला, संप झाला तेव्हा घर कसे चालले, हे प्रश्न मुलांना आधी लिहून द्यावेत. इथे वाढणारी मुले आजोबांना निवृत्त माणूस म्हणूनच ओळखतात. १९८२ च्या गिरणी संपात ते कुठे होते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

मोठ्या मुलांना घेऊन त्या तीन दिवसांत एखादे ठिकाणही पाहता येईल. शिकागोत पुलमनची वसाहत आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स गावात १९१२ च्या कापड गिरणी संपाच्या स्मरणार्थ लेबर डेला उत्सव भरतो. न्यू जर्सीत हॅलेडन येथे बॉटो कुटुंबाचे घर आहे. १९१३ च्या पॅटरसन रेशीम संपात त्याच्या वरच्या मजल्याच्या सज्जातून वक्ते कामगारांपुढे बोलत असत आणि आता तिथे कामगार संग्रहालय आहे. मिशिगनमध्ये राहणाऱ्यांसाठी मॅकिनॉ पुलाची पदयात्रा आहे: त्या सकाळी पूल वाहनांसाठी बंद ठेवतात आणि लोक सुमारे पाच मैलांचा तो पूल पायी ओलांडतात. अशा ठिकाणी जाण्याआधी त्या वर्षीच्या वेळा तपासून घ्याव्यात.

आवराआवर

चार वाजता आवरायला सुरुवात करावी आणि यादीत ज्यांची नावे आहेत त्यांनीच ती करावी. उरलेले अन्न तिथेच वाटून टाकावे, म्हणजे यजमानाच्या शीतकपाटात चार दिवसांचे शिळे जमत नाही. दोन तास उन्हात राहिलेले असेल ते मात्र न हळहळता फेकावे. गवतातून खेळून आलेल्या मुलांचे गुडघ्यांमागचे भाग, काखा आणि केसांची मुळे गोचिडीसाठी घरी पोहोचताच तपासावीत, कारण ईशान्येकडील राज्यांत लाइम रोग गोचिडींमुळेच होतो. गॅसच्या शेगडीची टाकीवरची तोटी बंद केली का, हे दोघांनी पाहावे. कोळशाच्या शेगडीची झाकणे आणि हवेची भोके बंद करून निखारे विझू द्यावेत. वरून राख थंड दिसली तरी आत निखारा एक-दोन दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून ती कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात भरू नये. घरी असल्यास झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि बागेत असल्यास राखेसाठी ठेवलेल्या पिंपातच ती टाकावी. तसे पिंप नसेल, तर भरपूर पाणी ओतून, ढवळून आणि पुन्हा पाणी ओतून राख पूर्ण गार झाल्याची खात्री करूनच तिथून निघावे.